मडकं वाजवून घ्यावं : हेडफोनचा इतिहास आणि मोजक्या पैशांतली पहिली निवड



आजचा विषय पाहून काहींना नवल वाटलं असेल. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेली माणसं हेडफोनवर काय बोलणार? पण एक गोष्ट ध्यानात घ्या. हे व्याख्यान तुमच्यातले बहुतेक जण सभागृहात बसून ऐकत नाहीत. कुणी एसटीत आहे, कुणी स्वयंपाकघरात, कुणी धाराशिव, कळंब नाहीतर उमरग्याच्या अभ्यासिकेत, आणि कानात काहीतरी घातलेलं आहे. म्हणजे आमचा शब्द तुमच्यापर्यंत पोचतो तो त्या दोन चिमुकल्या पडद्यांच्या हलण्यातून. ज्ञान ज्या वाटेने येतं त्या वाटेची तपासणी करणं हे तत्त्वज्ञानाचं जुनंच काम आहे. तेव्हा विषय आमच्या हद्दीतला आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. आपला जिल्हा २०१८ साली केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. आकांक्षित हा शब्द गोड आहे, पण त्याचा अर्थ आपल्याला कळतो. इथला जो मुलगा किंवा जी मुलगी स्पर्धा परीक्षेसाठी खोली करून राहते, तिच्याकडे हेडफोनसाठी हजार-दीड हजार रुपये असतात. तेही मेसच्या पैशांतून बाजूला काढलेले. ही खरेदी एकदाच होणार. निवड फसली तर वर्ष-दोन वर्षं तेच गळ्यात. आणि फसलेला हेडफोन नुसते पैसे खात नाही, कानही खातो. हेडफोन दुसरा मिळतो, कान मिळत नाही.

आम्ही आज कुठल्याही कंपनीची शिफारस करणार नाही. सहा महिन्यांत नमुने बदलतात, नावं बदलतात. इतिहास मात्र तितक्या लवकर बदलत नाही, आणि या वस्तूचा इतिहास नीट पाहिला तर निवड कशी करावी हे त्यातूनच बऱ्यापैकी कळतं. म्हणून आधी इतिहास, मग खरेदी.

कान म्हणजे काय

सुरुवात आपल्या घरातून करू. न्याय आणि वैशेषिक ही आपल्याकडची दोन जुनी दर्शनं. त्यांनी शब्दाला, म्हणजे ध्वनीला, आकाशाचा गुण मानलं. मग कान म्हणजे काय? ते म्हणाले, कर्णशष्कुलीने, म्हणजे कानाच्या त्या वळणदार पोकळीने, वेढलेलं आकाश म्हणजेच श्रोत्रेंद्रिय. आणि दूरचा आवाज कानापर्यंत येतो कसा? त्यासाठी त्यांनी दोन दृष्टांत दिले. एक वीचीतरंगन्याय : पाण्यात खडा टाकला की लाटेतून लाट निघते तसा शब्दातून शब्द निघत येतो. दुसरा कदंबाच्या फुलाचा : त्या गोल फुलाचे केसर जसे सगळ्या दिशांनी एकदम फुटतात तसा आवाज चहूकडे पसरतो.

आजचं भौतिकशास्त्र आकाशाऐवजी हवा म्हणेल, हवेच्या दाबातली लाट म्हणेल. तो फरक मोठा आहे, तो लपवायचं कारण नाही. पण त्या मंडळींनी एक मर्म बरोबर पकडलं होतं : ऐकणं हे पोकळीचं काम आहे. पोकळी बदलली की ऐकणं बदलतं. रांजणात तोंड घालून बोलून पाहा, आवाज वेगळा येतो. हेडफोन हेच करतो. तो कानाशी एक लहानशी खोली बांधतो. त्या खोलीला फट राहिली की खालचे, घुमणारे स्वर तिथून निसटतात. म्हणून तुम्हाला पुढे सांगणार आहोत की हेडफोनची पहिली कसोटी किंमत नव्हे, तुमच्या कानाशी त्याचं बसणं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वादविवादातून आजच्या दुकानातली ही एक गोष्ट हाती लागते.

जन्म टंचाईत झाला

आता यंत्राकडे येऊ. १८८१ साली पॅरिसमध्ये विजेचं मोठं प्रदर्शन भरलं. तिथे क्लेमां आदेर या अभियंत्याने ऑपेराच्या रंगमंचावर टेलिफोनचे बोलके बसवले आणि तारेने ते गाणं दूरच्या दालनात आणलं. लोक रांगा लावून दोन कानांना दोन टेलिफोन धरून ऐकत. गायक डावीकडून उजवीकडे गेला तर ऐकणाऱ्याला ते कळत असे. आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो त्याचा तो पहिला जाहीर अनुभव.

पुढे दहा वर्षांनी, १८९१ साली, अर्नेस्ट मर्काडिए नावाच्या फ्रेंच अभियंत्याने कानात घालायच्या टेलिफोनचं पेटंट घेतलं. वजन सुमारे पन्नास ग्रॅम, आणि कानात जाणाऱ्या टोकावर रबराचं आवरण, कान दुखू नये आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. म्हणजे तुमच्या कानात जी रबरी टोपी आहे ती कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. जाहिरातीत कुणी ती कालपरवाची म्हणून सांगू लागलं तर मनातल्या मनात हसून घ्या.

यानंतर येतो नॅथॅनिएल बाल्डविन. अमेरिकेतल्या युटाचा माणूस. त्याने घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवले आणि १९१० साली अमेरिकेच्या नौदलाकडे पाठवले. नौदलाला बिनतारी संदेश ऐकायला नाजूक, संवेदनशील यंत्र हवंच होतं. ते त्यांना यात सापडलं.

नाजूक का हवं होतं? कारण तेव्हाच्या बिनतारी संदेशात जीवच फार थोडा असायचा. आवाज वाढवणारी साधनं नव्हती किंवा महाग होती. १९२०च्या दशकात घराघरांत जे क्रिस्टल रेडिओ आले त्यांना ना वीज लागे ना बॅटरी. गॅलेनाचा खडा, त्यावर टेकवलेली बारीक तार, लांब एरिअल आणि हेडफोन, एवढाच संसार. जाता जाता सांगतो, गॅलेनाच्या खड्याने विद्युतलहरी पकडण्याचं पेटंट आपल्या जगदीशचंद्र बोस यांना १९०४ साली मिळालेलं होतं. तर अशा रेडिओत हवेतून येणाऱ्या लहरीत जी शक्ती असे तीच हेडफोनचा पडदा हलवायची. ती खोली भरायला पुरत नसे, दोन कानांना कशीबशी पुरे. घरात माणसं पाच आणि हेडफोन एक, अशा वेळी पाश्चात्त्य घरांत लोक हेडफोन काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात ठेवत आणि भोवती डोकी जमवून ऐकत. भांडं घुमे, आवाज जरा मोठा होई.

यातला मुद्दा आम्हाला महत्त्वाचा वाटतो. हेडफोन आज चैनीची वस्तू म्हणून मिरवतो, पण तो टंचाईचं अपत्य आहे. शक्ती थोडी आहे, तर ती वाया न घालवता थेट कानाशी पोचवा, हा त्यामागचा विचार. हिशेब आजही तोच आहे. तेवढ्याच गुणवत्तेचा आवाज स्पीकरमधून हवा असेल तर कितीतरी पट पैसे मोजावे लागतात, शिवाय खोलीही चांगली लागते. हात आखडता असणाऱ्याने हेडफोनकडे वळावं, हे मुळातच शहाणपणाचं आहे. त्यात कमीपणा मानू नये.

आपल्याकडे काय चाललं होतं

हे सगळं चाललं होतं तेव्हा धाराशिव कुठे होतं? मुंबईत रेडिओ क्लबने १९२३ साली प्रक्षेपण सुरू केलं होतं. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. त्याची ताकद दीड किलोवॉट, आणि ते नीट ऐकू येई सुमारे तीस मैलांच्या आत. धाराशिव मुंबईपासून चारशे किलोमीटर. म्हणजे ठाण्या-कल्याणचा माणूस खड्याच्या रेडिओला हेडफोन लावून गाणं ऐकू शकत होता, तुळजापूरच्या माणसाला तो हेडफोन फुकट दिला असता तरी शून्यच ऐकू आलं असतं. वस्तू चांगली की वाईट हे नुसत्या वस्तूवर ठरत नाही. ती वापरणारा कुठे बसला आहे यावरही ठरतं. हेही खरेदीला निघताना लक्षात असू द्या.

आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. निजाम सरकारने १९३५ साली हैदराबादचं रेडिओ केंद्र ताब्यात घेतलं, पुढे औरंगाबादलाही केंद्र निघालं. कार्यक्रमांत उर्दूचा वरचष्मा; मराठी, तेलुगू, कानडीच्या वाट्याला उरलेलं. उस्मानाबादच्या मराठी माणसाला आपली भाषा ऐकायची तर ती अशी हातचं राखून मिळायची. संच होते ते मोजक्या घरांत, नाहीतर सरकारी जागी.

सप्टेंबर १९४८ मध्ये सोलापूरकडून आलेल्या भारतीय फौजांनी १३ तारखेला नळदुर्ग घेतला. पाचव्या दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने हैदराबाद रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली. एक राज्य संपल्याची बातमी अशी आवाजाच्या रूपात आली. ज्याच्याकडे संच होता त्याला ती आधी कळली, आणि त्याच्या तोंडून गावाला. ऐकण्याचं साधन जवळ असणं म्हणजे काय, हे त्या दिवसाइतकं क्वचितच कळलं असेल. १९५० साली हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रं ऑल इंडिया रेडिओकडे आली.

१९५६ सालचा आणखी एक प्रयोग सांगायला हवा. युनेस्कोच्या मदतीने ऑल इंडिया रेडिओने पुणे केंद्रावरून ग्रामीण श्रोतृमंडळं चालवली. पश्चिम महाराष्ट्र आणि नाशिककडची सुमारे दीडशे गावं. प्रत्येक गावात वीसेक माणसं सार्वजनिक संचाभोवती जमायची, आठवड्यातून दोनदा अर्धा तास शेती-आरोग्याचा कार्यक्रम ऐकायची आणि मग त्यावर बोलायची. दहा आठवडे, वीस कार्यक्रम. टाटा समाजविज्ञान संस्थेतले पॉल न्यूरथ यांनी त्याची तपासणी केली. निष्कर्ष असा की ऐकून चर्चा करणाऱ्या गावांच्या ज्ञानात स्पष्ट वाढ दिसली. ज्या गावांत रेडिओ होता पण असं मंडळ नव्हतं तिथे तशी ती दिसली नाही. आपला जिल्हा त्यात नव्हता, कारण तो मुंबई राज्यात आला त्याच वर्षी १ नोव्हेंबरला. पण निष्कर्ष आपल्याही कामाचा आहे. नुसतं ऐकल्याने भागत नाही. बृहदारण्यक उपनिषदात श्रवण, मनन, निदिध्यासन अशी जी क्रमवारी आहे, ती न्यूरथ यांच्या तक्त्यांत वेगळ्या भाषेत पुन्हा दिसते.

एका कानापासून दोन कानांपर्यंत

१९४७ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि १९५४ च्या शेवटी खिशात मावणारा पहिला रेडिओ बाजारात आला. हा ट्रान्झिस्टर आपल्या गावांत पोचला आणि चावडीवरचा रेडिओ शेताच्या बांधावर गेला. घरच्या संचाला पोस्टातून दरवर्षी परवाना काढावा लागे, ही पद्धत ऐंशीच्या दशकात संपली. ट्रान्झिस्टरच्या बाजूला एक बारीक भोक असायचं आणि पेटीत एका कानात घालायची गुंडी. आज ज्याला साडेतीन मिलिमीटरची पिन म्हणतात ती याच खिशातल्या रेडिओंनी रुळवली. बाळ ज. पंडितांचं मराठीतलं क्रिकेट समालोचन कचेरीत, वर्गात, लग्नाच्या मांडवात एका कानाने ऐकणारी पिढी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. एक कान सामन्याला, एक कान संसाराला! आवाज किरकिरा, पण काम चोख. समालोचनाला लागते ती शब्दांची स्पष्टता, आणि तेवढी ती गुंडी देत होती.

संगीतासाठी मात्र वेगळीच वाट तयार होत होती. जर्मनीत १९३७ साली बायर कंपनीने डीटी ४८ हा हेडफोन काढला. त्यात कानाशी एक छोटा स्पीकरच बसवलेला होता. आजचे बहुतेक हेडफोन त्याच तत्त्वावर चालतात. १९५८ साली अमेरिकेत जॉन कॉस यांनी स्टिरिओ संगीत ऐकण्यासाठी घरगुती हेडफोन आणला. १९६८ साली सेनहायझरचा एचडी ४१४ आला. त्याची पाठ उघडी होती, हवा खेळती राहायची, आवाज डोक्यात कोंडल्यासारखा वाटायचा नाही. तो एक कोटींहून अधिक विकला गेला. उघडा की बंद, हा आजचा प्रश्न तिथून सुरू होतो.

मग १ जुलै १९७९. सोनीचा वॉकमन. किंमत ३३ हजार येन. त्याच्यासोबतचा हेडफोन अवघा ४५ ग्रॅमचा. त्या काळचे चांगले हेडफोन तीनशे-चारशे ग्रॅमचे असत. पहिल्या वॉकमनची एक गंमत फारशा लोकांना ठाऊक नसते. त्याला हेडफोनची दोन भोकं होती आणि एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाण्याचा आवाज खाली जाई आणि ऐकणारी दोघं एकमेकांशी बोलू शकत. सोनीचे अकिओ मोरिता यांना वाटलं होतं की एकट्यानेच ऐकत बसणं हे असभ्यपणाचं दिसेल. लोकांना तसं वाटलं नाही. पुढच्या नमुन्यांतून ते बटण गेलं, दुसरं भोकही गेलं. माणूस आपला आवाज आपल्यापुरता घेऊन चालू लागला.

आपल्याकडे वॉकमन आला तो आधी आखाती देशांत गेलेल्या नातेवाइकांच्या सामानातून आणि मग नकलांच्या रूपात. वॉकमन हे यंत्राचं नावच होऊन बसलं. कॅसेटी स्वस्त झाल्या. तुळजापूरला, येरमाळ्याच्या यात्रेत देवीची गाणी, प्रल्हाद शिंद्यांची गाणी ढिगाने विकली जाऊ लागली. गावाने ऐकायचं ते लाऊडस्पीकरवर, आणि आपल्याला हवं ते कानात, अशी वाटणी झाली.

शेवटचा टप्पा २०१६ चा. ५ सप्टेंबरला जिओची सेवा सुरू झाली, मोबाइलवरचा डेटा एकदम स्वस्त झाला. त्याच महिन्यात ॲपलने नव्या आयफोनमधून हेडफोनचं भोक काढून टाकलं, आणि मग इतर कंपन्यांच्या अनेक फोनांतूनही ते गेलं. पहिल्या गोष्टीने धाराशिवच्या मुलीला पुण्या-दिल्लीच्या शिकवण्या उघड्या झाल्या. दुसरीने तिच्या माथी एक नवा खर्च मारला. दोन्ही एका वर्षात घडलं. १९२७ साली जे अंतर तीस मैलांवर अडलं होतं ते संपलं. आता अडचण खिशाची आणि निवडीची.

मडकं वाजवून घ्यावं

आता खरेदी. आपल्या जिल्ह्यात तेर आहे. तेरचे गोरोबाकाका कुंभार. परंपरा सांगते की संत जमले असताना मुक्ताबाईंनी कोपऱ्यातलं थापटणं पाहून विचारलं, हे काय? काका म्हणाले, याने मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग त्यांनी ते थापटणं एकेका संताच्या डोक्यावर मारून पाहिलं, आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं. या गोष्टीचा आध्यात्मिक अर्थ तुम्हाला माहीत आहे. आम्ही आज तिचा बाजारातला अर्थ घेणार आहोत. पारख रंगावरून होत नाही, किमतीवरून होत नाही, वाजवून होते. मडक्याची तशीच, हेडफोनची तशीच.

किमतीचं म्हणाल तर याला पुरावा आहे. २०१७ साली येरून ब्रेबार्ट या डच संशोधकाने २८३ हेडफोनांची मोजणी तपासली. कुठला हेडफोन खालचे, मधले, वरचे स्वर किती प्रमाणात देतो, याचा त्याच्या किमतीशी काही संबंध आहे का? त्यांना तसा संबंध आढळला नाही. महाग हेडफोनात मजबुती असेल, आराम असेल, सोयी असतील. पण स्वरांचा तोल पैशाच्या पटीत सुधारत नाही. हजार-दीड हजारवाल्याने धीर धरावा अशी ही बातमी आहे. फक्त त्याला शोधावं लागेल.

शोधायचं कसं? पहिला प्रश्न : कशासाठी? टेलिफोनने शंभर वर्षं माणसांची बोलणी ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्या पट्ट्यात चालवली. तुम्ही मुख्यतः व्याख्यानं, बातम्या, शिकवण्या ऐकणार असाल तर मधले स्वर स्वच्छ हवेत. दुकानदार ज्याला कौतुकाने ‘तगडा बास’ म्हणतो तो तुमच्या कामाचा शत्रू आहे. खालचे स्वर वाढले की ते वरच्या स्वरांना झाकतात, अक्षरं पुसट होतात, मग तुम्ही आवाज वाढवता. संगीत ऐकणार असाल तर सगळाच पट्टा लागेल, तरी तोल हाच गुण.

दुसरा प्रश्न : कुठे? शांत वाड्यात, शेतातल्या घरात बसून ऐकणार असाल तर कानावर बसणारा, उघड्या पाठीचा हेडफोन सुखाचा. एसटीत, रस्त्याकडेच्या खोलीत किंवा अभ्यासिकेत बसणार असाल तर कानात घट्ट बसणारा रबरी टोपीचा हवा. बाहेरचा गोंगाट आत आला नाही की आवाज वाढवावा लागत नाही, आणि शेजाऱ्यालाही तुमचा तास ऐकावा लागत नाही. गोंगाट यंत्राने कापणारे हेडफोनही आहेत. अमर बोस यांना ती कल्पना १९७८ साली विमानात सुचली आणि १९८९ मध्ये वैमानिकांसाठी तसा हेडफोन आला. पण ते तंत्र इंजिनाची एकसुरी घरघर चांगली कापतं, शेजारच्यांची बडबड तेवढी नाही. कमी पैशांत त्या सोयीपेक्षा नीट बसणारी टोपी जास्त काम करते. आणि रस्त्यावर, दुचाकीवर कानात काही नको, हे सांगायची गरज पडू नये.

तिसरा प्रश्न : तार की बिनतार? बिनतारी सोयीचे खरे. पण त्या चिमुकल्या गोट्यांत चिमुकल्या बॅटऱ्या असतात. रोज वापरल्या की दोन-तीन वर्षांत त्या थकतात आणि बहुधा बदलता येत नाहीत. म्हणजे तुम्ही हेडफोन विकत घेत नाही, काही वर्षांसाठी भाड्याने घेता असं समजा. त्याच पैशात तारेचा घेतला तर सगळा खर्च आवाजावर होतो. तारेचा धोका पिनेपाशी आणि कानापाशी तुटण्याचा. म्हणून ज्याची तार काढून नवी बसवता येते असा पाहावा. फोनला भोक नसेल तर टाइप-सीची जोडणी लागेल, तिचे पैसे आधीच हिशेबात धरा. बिनतारीच घ्यायचा ठरला तर त्यावर भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीचं चिन्ह आहे का पाहा, आणि पक्कं बिल घ्या.

चौथी गोष्ट वाजवून पाहण्याची. खोक्यावरच्या आकड्यांनी भुलू नका. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हे जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असतं. त्या पट्ट्यात कुठे किती चढउतार आहेत हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. कानात टोपी बसवा. सोबत तीन मापांच्या टोप्या येतात, तिन्ही लावून पाहा. दोन कानांना दोन वेगळी मापंही लागू शकतात. आवाज पोकळ आला तर टोपीला फट आहे असं समजा, आधी ती बदला, मग निकाल द्या. मग तुमच्या परिचयाचं काहीतरी लावा. आम्ही सुचवू, संबळ लावा. गोंधळातला संबळ आपल्या कानात लहानपणापासून बसलेला आहे. त्याच्या मोठ्या अंगाची घुमार आणि लहान अंगाचा टणत्कार वेगवेगळे, नेटके ऐकू यायला हवेत. घुमारेने टणत्कार गिळला तर ठेवून द्या. मग तानपुरा लावा, त्याची जवारी झिरझिरती ऐकू यावी, कर्कश नको. शेवटी एखाद्या बाईचं आणि एखाद्या पुरुषाचं साधं बोलणं लावा. स, श आणि ष यांनी कान टोचत असेल तर चार तास ऐकणं होणार नाही.

आणि एक इशारा. दोन हेडफोन ताडून पाहताना जो जरा मोठ्याने वाजतो तो आपल्याला चांगला वाटतो. हा कानाचा स्वभाव आहे आणि विकणाऱ्यांना तो ठाऊक असतो. आधी दोन्हींचा आवाज सारखा करा, मग न्याय करा.

शेवटचा हिशेब

आता जे सगळ्यात महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातल्या १२ ते ३५ वयाच्या १०० कोटींहून अधिक मुलामुलींचे कान मोठ्या आवाजाने ऐकण्याच्या सवयीमुळे धोक्यात आहेत. त्यांचा हिशेब सरळ आहे : ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास. आवाज ९० डेसिबलवर नेला तर आठवड्याचे फक्त ४ तास. दहाने वाढला म्हणजे थोडासाच वाढला असं वाटतं, पण कानावर येणारी शक्ती दहापट होते. अभ्यासिकेत रोज सहा तास ऐकणाऱ्या मुलीचे आठवड्याचे ४२ तास होतात. म्हणजे ती मर्यादेच्या काठावरच उभी आहे. तिने आवाज वाढवला तर तिच्याकडे शिल्लक काही नाही. कानातल्या आतल्या बाजूच्या ज्या सूक्ष्म केसपेशी आवाज टिपतात त्या माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यांना ना हमी कार्ड आहे ना बदलून देण्याची सोय.

म्हणून चांगल्या हेडफोनची आमची व्याख्या अशी : ज्याच्यावर कमी आवाजात जास्त समजतं तो चांगला. या एका व्याख्येत बसणं आलं, तोल आला, गोंगाट अडवणं आलं. इतिहासाच्या सुरुवातीलाही हेच होतं. थोड्या शक्तीत पुरेसं ऐकू यावं, एवढीच त्या खड्याच्या रेडिओची मागणी होती. तेव्हा शक्ती थोडी होती म्हणून ती जपावी लागे. आज शक्ती भरपूर आहे, आणि जपायचा आहे तो कान.

राहता राहिली पुण्याच्या श्रोतृमंडळांची शिकवण. कानात घालून ऐकणं एकट्याचं असतं, पण समजणं एकट्याने पुरं होत नाही. तास ऐकून झाला की हेडफोन काढा आणि शेजारच्या टेबलावरच्याशी दहा मिनिटं त्यावर बोला. त्याला पटलं नाही तर भांडा. वॉकमनवरचं ते नारिंगी बटण कंपनीने काढून टाकलं असेल, आपण ते आपल्यापुरतं ठेवू शकतो. त्याला पैसे पडत नाहीत.

पुढच्या व्याख्यानात प्रमाणविचार घेऊ : शब्दप्रमाण म्हणजे काय, आणि दुसऱ्याच्या सांगण्यावर विश्वास कधी ठेवावा. तोवर आवाज दोन खुणा खाली आणा आणि ऐकून पाहा, काही कमी कळतं का ते.